दोनशे पिना आणि बाटलीतलं कुंकू

मला मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मॅट्रिक आणि मराठी टायपिंग एवढ्या भांडवलावर मी चिंचवडला छोट्या कारखानदारांच्या एका संघटनेत नोकरीला लागले. ऑफिस कसलं, दोन खोल्या, एक पंखा आणि सेक्रेटरी साहेब. सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. पिंपरीपासून भोसरीपर्यंत जिकडेतिकडे पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या आणि माणसं सकाळी शेतात तर दुपारी शिफ्टला, असा सगळा मामला होता. मी चऱ्होलीहून सायकलवर यायची. मुलगी सायकलवर जाते म्हणून गावातल्या लोकांनी पहिले चार महिने बघून घेतलं, मग त्यांनाच कंटाळा आला.

एक दिवस सेक्रेटरी साहेबांनी फर्मान काढलं की संघटनेची स्मरणिका काढायची, त्यात ज्यांनी काहीतरी नवीन बनवलंय अशा कारखान्यांचे परिचय द्यायचे, एकेक पान. लिहिणार कोण, तर मी. मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं? तर म्हणाले, कळत नाही म्हणूनच तुला पाठवतोय, कळणारे आम्ही आहोत ते एकमेकांचं कौतुक करत बसू.

मग माझी वारेमाप भटकंती सुरू झाली. आणि काय सांगू, या कारखानदारांइतकी बोलायला कंजूष जमात मी दुसरी पाहिली नाही. काय बनवता विचारलं की म्हणायचे, माल बनवतो. कसा आहे? एक नंबर. झाला परिचय! आता यावर मी पान भरायचं कसं, डोंबल? पहिले दोन-तीन दिवस चिडचिड केली, मग माझा मीच एक प्रश्न शोधून काढला. तुम्ही हे बनवायच्या आधी लोक काय करायचे? एवढं विचारलं की गडी खुलायचाच. वही पुरायची नाही.

चाकणला एक लोहार होता. तिथल्या बाजारात कांद्याचे ढीग पडायचे आणि बायका दिवसभर उन्हात बसून लहान-मोठा कांदा निवडायच्या. या गड्याच्या बायकोची कंबर धरली, तेव्हा त्यानं तीन तऱ्हेच्या भोकांची एक लांबलचक हलती चाळणी केली. वरून कांदा ओतला की खाली तीन ढीग तयार. पिंपरी कॅम्पातल्या एका गृहस्थांनी लोणच्याच्या बरणीला रबराची कडी असलेलं झाकण काढलं होतं. बरणी आडवी करून, हलवून, माझ्या डोक्यावर धरून त्यांनी ते सिद्ध करून दाखवलं. नशीब माझं, कडी चांगली होती.

आणि चिंचवडगावात एक बाई होत्या, त्यांनी बाटलीतलं ओलं कुंकू बनवायला घेतलं होतं. त्यांच्या आळीतल्या बऱ्याच बायका कंपनीत पॅकिंगला जायच्या. शिफ्ट संपेपर्यंत घामानं कुंकू ओघळून नाकावर यायचं. बाईंनी घरच्या घरी, स्टोव्हवर, सहा महिने खटपट करून असं कुंकू केलं की काडीनं एकदा टेकवलं की दोन मिनिटांत टणक. मी परिचयात लिहिलं, 'घामाने नाही, पाण्याने नाही, हे कुंकू स्वतःच्या मर्जीशिवाय हलत नाही.' बाई इतक्या खूश झाल्या की एक बाटली माझ्या पर्समध्येच घातली.

या भटकंतीत मी कासारवाडीला पोचले. स्टेशनच्या पलीकडे, एका गॅरेजला खेटून, पत्र्याची शेड. मालक म्हणजे एका मोठ्या कारखान्यातले टर्नर, सगळे त्यांना भाऊ म्हणत. परमनंट नोकरी, कँटीनचं जेवण, युनिफॉर्म, सगळं जागच्या जागी. आणि हा माणूस सहा महिन्यांची बिनपगारी रजा टाकून इथे घामाघूम होत होता. त्यांच्या वडिलांनी गावकीची कामं करत जन्म काढलेला. घराण्यातली पहिली परमनंट नोकरी यांना लागली, तेव्हा म्हणे वस्तीत पेढे वाटले होते. ती सोडायची म्हणजे लोकांच्या लेखी वेडेपणाच. सासरे तर येऊन दोन दिवस बोलत बसले होते.

कशासाठी एवढं? तर एका पिनसाठी. करंगळीएवढी पोलादी पिन, स्कूटरच्या इंजिनात कुठेतरी बसणारी. ती पार बाहेरच्या राज्यातून यायची. नेहमीच्या मशीनवर एकेक पिन पकडून घासावी लागते, त्यात पकडणाऱ्याच्या हाताप्रमाणे फरक पडतो. भाऊंनी भंगारातून जमवाजमव करून स्वतः एक मशीन बांधलं होतं. त्यात पिन पकडायचीच नाही. दोन दगडी चाकांच्या फटीत सोडायची, ती गरगरत, घासली जात पलीकडून बाहेर. एकामागोमाग एक, जात्यातून पीठ पडावं तशा पिना पडायच्या. मी अर्धा तास नुसती बघत उभी होते.

आणि पणाला काय लागलं होतं, तेही त्यांनी सरळ सांगितलं. एक मोठी कंपनी त्यांच्याकडून नमुन्याच्या दोनशे पिना घेणार होती. पास झाल्या तर कायमचं काम. नापास झाल्या तर कंपनीच्या नियमानं सहा महिने पुन्हा दारात उभं करणार नाहीत. आणि भाऊंची रजा भाऊबीजेला संपत होती. दुसऱ्या दिवशी एकतर जुन्या कारखान्यात हजर व्हायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, चहा देताना म्हणाल्या, यांना झोपेत पिना दिसतात. बोलताना हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

परिचय पुरा करायला मी पुन्हा गेले ती नेमकी खंडेनवमीला. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा. शेडमध्ये भाऊंखेरीज दोन कामगार, त्यातले एक मावळातले म्हातारे काका. काकांनी सगळी मशीनं धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. शेजारचे गॅरेजवाले चाचा आपले पाने-पक्कड टोपलीत घेऊन आले आणि म्हणाले, आमच्या हत्यारांनी काय पाप केलंय, यांनाही ठेवा. भाऊ बौद्ध. ते म्हणाले, आमच्यात हे नाही, पण ज्यांचे हात मशीनवर चालतात त्यांच्या मनाला बरं वाटलं पाहिजे. पूजेच्या वस्तूला मी हात लावणार नाही, तुमचं तुम्ही बघा. आणि खरंच बाजूला जाऊन स्टुलावर बसले.

मग काका मला म्हणाले, पोरी, तू आलीच हाईस तर तुझ्या हातानं कुंकू लाव. झालं! मला काय, उत्साह उतू चाललेला. मोटार, पट्टा, मशीन, हातोडी, चाचांचे पाने, सगळ्यांना लावत सुटले. शेवटी काकांनी एक डबी आणली. वहिनींच्या कानातल्याची ती डबी, आत मखमल, आणि मखमलीवर एक पिन. तिला म्हणायचे मास्टर. मोठ्या कंपनीनं दिलेली, अगदी बिनचूक मापाची. रोज सकाळी ती घड्याळाखाली ठेवायची. घड्याळ म्हणजे भिंतीवरचं नव्हे, जाडी मोजायचं काट्याचं यंत्र. पण शेडमध्ये सगळे त्याला घड्याळच म्हणत. मास्टर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि मग दिवसभर त्याच शून्याला धरून आपल्या पिना मोजायच्या. तबकडीवरच्या रेघांमधल्या एका घराचा फरक चालायचा, त्याच्या पुढे नापास.

काका म्हणाले, खरा देव ह्यो, याला नीट लाव. मी ताटातलं कोरडं कुंकू लावायला गेले, तर त्या गुळगुळीत पोलादावर ते ठरेचना. दोनदा लावलं, दोनदा गळलं. काकांचा चेहरा पडला. तेवढ्यात मला पर्समधल्या बाटलीची आठवण झाली. काडी बुडवली आणि पिनच्या बरोब्बर मधोमध, सुबक, तांदळाएवढा ठिपका ठेवला. काका खूश, मी त्याहून खूश.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात दोनशे पिना तयार होऊन कंपनीत गेल्या आणि चौथ्या दिवशी आख्ख्याच्या आख्ख्या परत आल्या. नापास. सगळ्या जाड. ज्या भोकात बसायच्या त्यात जातच नव्हत्या.

मला हे कळलं ते सेक्रेटरी साहेबांकडून. त्यांनी शांतपणे सांगितलं की कासारवाडीचं पान काढून टाक, तिथे लोणच्याची जाहिरात टाकू. नापास झालेल्या माणसाचं कौतुक छापलं तर लोक हसतील. माझं डोकंच फिरलं. तो परिचय माझा सगळ्यात चांगला जमला होता, आणि त्यापेक्षा तो माणूस चांगला होता. मी म्हटलं, निदान मला जाऊन सांगू तर द्या. सायकल काढली आणि पिंपरीच्या भाजीबाजारातून वाट काढत, दोन शिव्या खात, तडक कासारवाडी गाठली.

शेडमध्ये मशीन उघडून ठेवलं होतं. भाऊ जमिनीवर बसले होते, भोवती नटबोल्ट. दिवाळी पाच दिवसांवर आली होती. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांच्या हातात भाऊंचा कारखान्याचा युनिफॉर्म, धुऊन इस्त्री केलेला. त्यांनी तो खुंटीला अडकवला. मला इतकं वाईट वाटलं की पान काढल्याचं मी बोललेच नाही.

भाऊ मात्र बोलत होते, माझ्याशी की मशीनशी कोण जाणे. मशीनमध्ये दोष सापडत नव्हता. त्यांनी परत आलेल्या पिना घड्याळाखाली पुन्हा मोजल्या, तर काटा शून्यावर. काकांना मास्टर ठेवायला सांगून घड्याळ ताडून पाहिलं, तर तेही शून्यावर. म्हणजे शेडमधल्या सगळ्यांचं एकमेकांशी अगदी पटत होतं आणि बाहेर मात्र सगळं चुकलेलं. कंपनीच्या कागदावर लिहून आलं होतं: तीन घरं जाड. पहिली पिन तीन घरं, शंभरावी तीन घरं, दोनशेवी तीन घरं.

मी आपली नेहमीची अडाणी शंका काढली. म्हटलं, भाऊ, तो मास्टरच चुकला असेल तर? ते म्हणाले, मास्टर कसा चुकेल ताई, तो कंपनीनं दिलाय, त्याला कुणी घासत नाही की ठोकत नाही. त्याला तर मी हातसुद्धा लावलेला नाही, पूजेपासून काकाच रोज सकाळी ठेवतात आणि उचलतात. मी म्हटलं, एकदा बघू तरी.

काकांनी डबी उघडली. मखमलीवर पिन, आणि पिनच्या मधोमध माझा ठिपका. पंधरा-सोळा दिवस झालेले, रोज त्याच्यावर घड्याळाचा पाय टेकलेला, आणि ठिपका जसाच्या तसा, लालबुंद, चकचकीत! घामाने नाही, पाण्याने नाही. माझेच शब्द माझ्या कानात वाजले.

मला एका क्षणात सगळं कळलं, ज्या बाईला मशीनमधलं काही कळत नाही तिला. घड्याळ रोज माझ्या कुंकवाच्या टोकावर शून्य होत होतं. काकांनी पुसलं नाही कारण पूजेचं. भाऊंनी पुसलं नाही कारण दुसऱ्याच्या पूजेचं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तोही दुसऱ्याच्या संसारावर.

खरं सांगते, गप्प बसावं असं क्षणभर वाटलं. कुणाला पत्ता लागला नसता. पण समोर खुंटीला तो युनिफॉर्म लटकत होता. मी म्हटलं, "भाऊ, चूक मशीनची नाही. माझी आहे. हे कुंकू मी लावलंय, आणि ते जाड आहे."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं, पिनेकडे बघितलं. मग काकांना म्हणाले, पुसा. काकांनी हात मागे घेतले. म्हणाले, न्हाई मालक, पूजेचं कुंकू कुनी पुसत असतंय व्हय? त्यातून दिवाळी तोंडावर. भाऊ स्वतः पुसायला तयार नव्हते, काकांच्या समोर तर नाहीच. दोघेही एकमेकांचा मान राखत उभे, आणि मधे एका माणसाची नोकरी आणि धंदा दोन्ही टांगलेले! मला राग आला, रडूही आलं.

"मी लावलं, मीच पुसते," मी म्हटलं.

म्हणायला सोपं. आईनं लहानपणापासून मनात भरवलेलं की कुंकू पुसलं म्हणू नये, वाढवलं म्हणावं, आणि माझं तर तेव्हा लग्न ठरत होतं. त्यात ते मेलं निघेल तर शपथ. पाण्यानं नाही, साबणानं नाही. शेवटी चाचांनी गॅरेजमधून रॉकेलचा बोळा आणून दिला, तेव्हा कुठे त्यानं जागा सोडली. काकांनी तेवढ्या वेळ डोळे मिटून हात जोडले होते.

भाऊंनी मास्टर पुन्हा घड्याळाखाली ठेवला. आम्ही सगळे त्या काट्यावर वाकलो. काटा हलला आणि एक, दोन, तीन घरं खाली जाऊन थांबला. बरोबर तीन. वहिनींनी पदर तोंडाला लावला. भाऊ जमिनीवर बसले आणि मोठ्यानं हसायला लागले, इतके की डोळ्यांतून पाणी.

पण हसून भागणार नव्हतं. सहा महिन्यांचा नियम होताच. दुसऱ्या दिवशी भाऊंनी परत आलेल्या दोनशे पिना आणि मास्टर घेतला आणि कंपनीत निघाले. मी पण गेले, कारण कुंकवाची गोष्ट पुरुषाच्या तोंडून कुणाला खरी वाटली नसती. बसमध्ये मी पन्नासदा वाक्यं जुळवली आणि तपासणी साहेबांसमोर उभी राहिले तेव्हा एकही आठवेना. मग जसं घडलं तसं सांगून टाकलं, बाटलीसकट. साहेब मद्रासकडचे, मराठी बेताचं. बाटली उघडून त्यांनी एका भंगार तुकड्यावर ठिपका लावला, दोन मिनिटं थांबले आणि मोजला. तीन घरं.

मग त्यांनी आमच्या नापास पिना एकेक करून मोजायला घेतल्या. दहा झाल्या, वीस झाल्या. आम्ही भिंतीला टेकून उभे. जेवणाची घंटा होऊन गेली तरी ते मोजतच होते. एक हात पिना टाकतोय, नजर काट्यावर, आणि काटा दर वेळी त्याच घरावर. दोनशेच्या दोनशे मोजून त्यांनी चष्मा काढला.

"बरोबर पिना मला बरेच लोक आणून दाखवतात," ते म्हणाले. "दोनशे वेळा एकच चूक करणारं मशीन मी पहिल्यांदा पाहिलं. परवा नवीन लॉट आणा."

परवा म्हणजे धनत्रयोदशी. लॉट गेला, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पास झाल्याचा कागद आला. परिचयाची जागा मात्र लोणच्यानं घेतली ती घेतलीच, स्मरणिका छापून झाली होती. सेक्रेटरी साहेब म्हणाले, पुढच्या वेळी बघू. पुढची स्मरणिका काही निघाली नाही.

भाऊबीजेला सकाळी भाऊ आणि वहिनी चऱ्होलीला आमच्या घरी आले. आमच्या अप्पांनी त्यांना ओसरीवर बसवलं, फराळ दिला. भाऊ जरा चुळबुळत होते. मग म्हणाले, ताई, एक अर्ज टाइप करून पाहिजे, उद्या द्यायचाय. मी लगेच कुलूप उघडायला सायकलवरून ऑफिसात, आणि ते दोघे बसनं मागोमाग.

इतकी पत्रं टाइप केली मी जन्मात, पण त्या राजीनाम्याला जेवढी भ्यायले तेवढी कशालाच नाही. पाच ओळींचा मजकूर, चार वेळा कागद बदलला. भाऊंनी सही केली आणि पेन खाली ठेवून तळहात पँटला पुसला. पंधरा वर्षांची नोकरी, ती त्या पाच ओळींत संपली.

मी घडी घालून पाकिटात भरणार, तेवढ्यात वहिनी त्या दिवशी पहिल्यांदाच बोलल्या. कार्बनखालची प्रत त्यांनी अलगद उचलली. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या, एकेका अक्षरावर बोट ठेवत सगळं वाचून काढलं, नवऱ्याच्या सहीपर्यंत.

"ही मला द्या ताई," त्या म्हणाल्या. "नोकरी लागल्याचा कागद आमच्या सासऱ्यांनी काच घालून भिंतीला लावलाय. त्याच्याशेजारी हा लावते. आमच्या घराण्यात नोकरी सोडून देणारा माणूससुद्धा हाच पहिला."